मूडलपुढे लोड बॅलन्सर : परीक्षा सर्व्हरच्या प्रकल्प नोंदी

१४ जून

आमच्या महाविद्यालयात अंतर्गत परीक्षा मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीवर होतात. सगळ्या लॅबमध्ये दहा वाजता एकदम पेपर सुरू होतो आणि सगळी मुलं जवळजवळ एकाच मिनिटात ‘सुरू करा’ दाबतात. गेल्या सत्रात याच क्षणी एकुलता एक सर्व्हर बसला आणि पेपर पुढे ढकलावा लागला. म्हणून सुट्टीत एकाऐवजी तीन सर्व्हर आणि त्यांच्यात काम वाटणारा लोड बॅलन्सर उभारायचं काम हातात घेतलंय. दुसऱ्या कुणाला असंच काही उभारायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

हाताशी सर्व्हर खोलीतली दोन जुनी यंत्रं आहेत. त्यांत रॅम आणि एसएसडी वाढवायला साडेअठरा हजार रुपये लागले. सॉफ्टवेअर सगळं मुक्त स्रोत, त्याचा खर्च शून्य. या दोन यंत्रांवर मिळून तीन व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात सॉफ्टवेअरने केलेले वेगळे संगणक) मूडलसाठी, एक डेटाबेससाठी, एक सामाईक फाइल आणि रेडिस (मेमरीत झटपट माहिती ठेवणारं साधन) यांसाठी, आणि दोन छोटी मशीन बॅलन्सरसाठी. दोन्ही बॅलन्सर मुद्दाम वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवले. एकाच यंत्रावर ठेवले असते तर त्याचा वीजपुरवठा गेला की दोन्ही एकदम गेले असते.

पहिला निर्णय कोणत्या थरावर वाटप करायचं हा. पॅकेटच्या थरावर वाटप करणारा आयपीव्हीएस लिनक्स कर्नलमध्ये आहेच. त्याच्या ‘डायरेक्ट राउटिंग’ पद्धतीत बॅलन्सर पॅकेटचा फक्त मॅक (नेटवर्क कार्डाचा) पत्ता बदलतो आणि ते निवडलेल्या सर्व्हरकडे ढकलतो. उत्तर सर्व्हरकडून थेट वापरकर्त्याकडे जातं, बॅलन्सरला त्याचा भार पडत नाही. मोठ्या फाइल, व्हिडिओ असतील तर ही पद्धत फार चांगली. पण त्यात बॅलन्सरला यूआरएल दिसत नाही, कुकी दिसत नाही, आलेलं उत्तर बरोबर होतं की एररचं पान होतं हेही कळत नाही. आम्हाला ते कळायला हवं होतं. म्हणून रिक्वेस्ट वाचून वाटप करणारा एचएप्रॉक्सी हा बॅलन्सर घेतला. विली तारो यांनी २००१ मध्ये तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला आणि आजही तो नेटाने सुधारला जातोय.

१८ जून

बॅलन्सरला अजून हात लावला नाही. आधी एका मूडलचे तीन करायचे होते, आणि खरं काम तिथेच निघालं.

कोड तिन्हीकडे सारखा ठेवणं सोपं होतं. अडलं ते चढवलेल्या फाइल ठेवणाऱ्या ‘मूडलडेटा’ या फोल्डरपाशी. सुरुवातीला तो तिन्हीकडे वेगळा ठेवून ठरावीक वेळाने आरसिंक या साधनाने जुळवायचं ठरवलं होतं. चाचणीत एका मशीनवर चढवलेली उत्तरपत्रिकेची पीडीएफ दुसऱ्या मशीनवरून उघडली तर ‘फाइल सापडली नाही’. दहा मिनिटांनी सापडली. परीक्षेत दहा मिनिटं परवडत नाहीत. फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या सामाईक साठवणीवर) नेला, तिन्ही मशीनना तोच.

मग पानं जड उघडायला लागली. कारणं दोन होती. एक, मूडलचा स्थानिक कॅशही त्याच एनएफएसवर गेला होता. कॉन्फिग फाइलमध्ये ‘लोकलकॅशडिर’ला प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरचा मार्ग दिला. दोन, सेशन (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी) फाइलमध्ये होते आणि एनएफएसवर प्रत्येक फाइलला कुलूप लावणं-काढणं वेळखाऊ ठरत होतं. सेशन रेडिसमध्ये हलवले. त्यानंतर कोणत्याही मशीनवर लॉगिन करून दुसऱ्यावर पुढचं पान उघडता आलं.

सेशन बाहेर काढण्याचं हे काम कुणीही टाळू नये. ते केलं नाही तर एक विद्यार्थी एकाच सर्व्हरला बांधून ठेवावा लागतो आणि तो सर्व्हर पडला की पेपर चालू असताना मूल बाहेर फेकलं जातं.

२३ जून

एचएप्रॉक्सी बसवला. टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) बॅलन्सरवरच संपवायचं, आतल्या सर्व्हरकडे साधं एचटीटीपी. प्रमाणपत्र एकाच जागी सांभाळावं लागतं, हा मोठा फायदा.

पहिल्याच वेळी ब्राउझरने ‘खूप जास्त रीडायरेक्ट’ म्हणून हात वर केले. मूडलच्या कॉन्फिगमध्ये पत्ता एचटीटीपीएसचा, पण त्याच्यापर्यंत येणारी रिक्वेस्ट एचटीटीपीची. तो तिला पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवतो, बॅलन्सर तीच परत एचटीटीपीने आत आणतो, असं चक्र. उपाय ‘एसएसएलप्रॉक्सी’ हे सेटिंग ट्रू करणं.

शेजारी ‘रिव्हर्सप्रॉक्सी’ नावाचंही सेटिंग आहे. नाव बघून तेही चालू केलं आणि सगळं बंद पडलं, ‘या सर्व्हरवर थेट येता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश. ते सेटिंग आतल्या सर्व्हरला वेगळ्याच होस्ट नावाने हाक मारली जाते तेव्हाचं आहे. एचएप्रॉक्सी मूळ होस्ट हेडर जसाच्या तसा पुढे देतो, त्यामुळे आपल्याला ते नको. यात अख्खी दुपार गेली. दोनपैकी फक्त एसएसएलप्रॉक्सी चालू ठेवा.

२७ जून

परीक्षा विभागाच्या मॅडमनी चाचणी पेपर लावला आणि एकही मूल आत जाईना. आमच्या पेपरला ‘फक्त या आयपी पत्त्यांवरून’ अशी अट असते, म्हणजे लॅबबाहेरून कुणी पेपर देऊ नये. आता मूडलला सगळ्या रिक्वेस्ट बॅलन्सरच्या पत्त्यावरून आलेल्या दिसत होत्या.

‘ऑप्शन फॉरवर्डफॉर’ लिहिलं की एचएप्रॉक्सी मूळ पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडरमध्ये घालतो. मूडलच्या एचटीटीपी सेटिंगमध्ये तो हेडर वाचायला सांगावं लागतं. पण इथे थांबलात तर अट निरुपयोगी होते. हा हेडर ब्राउझरकडूनही पाठवता येतो. जरा हुशार मुलगा घरी बसून त्यात लॅबचा पत्ता लिहील. म्हणून बाहेरून आलेला हेडर आधी पुसायचा आणि मग स्वतःचा घालायचा, अशी ‘डेल-हेडर’ची ओळ बॅलन्सरवर हवीच. शिवाय आतल्या तिन्ही सर्व्हरच्या फायरवॉलवर बॅलन्सर सोडून कुणालाही वेब पोर्ट उघडा ठेवायचा नाही. दोन्ही केलं, घरून खोटा हेडर पाठवून बघितलं, अडवला गेला. मॅडमना पुन्हा पेपर लावायला सांगितला, मुलं आत गेली.

२ जुलै

वाटप कोणत्या नियमाने करायचं?

आधी ‘बॅलन्स सोर्स’ ठेवलं होतं. येणाऱ्याच्या आयपी पत्त्याचा हॅश (त्यावरून गणिताने निघणारा ठरावीक आकडा) काढायचा आणि त्यावरून सर्व्हर ठरवायचा. एक पत्ता नेहमी एकाच सर्व्हरवर, म्हणून सुरक्षित वाटलं. आकडे बघितले तर एक सर्व्हर रिकामाच. आमच्या प्रत्येक लॅबपुढे स्वतःचा राउटर आहे आणि तो नॅट करतो, म्हणजे लॅबमधली सगळी मुलं बाहेरून एकाच पत्त्याची दिसतात. पाच लॅब म्हणजे बॅलन्सरच्या दृष्टीने फक्त पाच गिऱ्हाइकं. पाच पत्ते तीन सर्व्हरवर नशिबाने पडले तर एक तरी सर्व्हर पूर्ण मोकळा राहण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के निघते. मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहक एकाच पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या वापरकर्त्यांसाठीसुद्धा हा नियम जपूनच वापरावा.

यात अजून एक अडचण आहे. नेहमीचा हॅश सर्व्हरच्या संख्येवर अवलंबून असतो. तिनातला एक पडला की बाकी दोघांवरचेही बरेच पत्ते इकडचे तिकडे होतात. ‘हॅश-टाइप कन्सिस्टंट’ दिलं तर पडलेल्या सर्व्हरचेच पत्ते हलतात. गूगलच्या मॅग्लेव्ह या लोड बॅलन्सरमध्येही असाच विचार आहे. त्यांच्या २०१६ च्या शोधनिबंधात त्यासाठी ६५,५३७ घरांच्या तक्त्याचं वर्णन आहे आणि तो हॅश आता आयपीव्हीएसमध्येही मिळतो.

पण आमचे सेशन रेडिसमध्ये असल्याने मुलाला एका सर्व्हरशी बांधायची गरजच उरली नव्हती. मग ‘राऊंडरॉबिन’, म्हणजे आळीपाळीने वाटप, लावलं. रिक्वेस्टची संख्या तिन्हीकडे अगदी सारखी, भार मात्र सारखा नाही. चित्र मागणारी रिक्वेस्ट आणि पेपर उघडून प्रश्न निवडणारी रिक्वेस्ट यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि राऊंडरॉबिनला दोन्ही सारख्याच. म्हणून ‘लीस्टकॉन’, ज्याच्याकडे चालू रिक्वेस्ट सगळ्यात कमी त्याला पुढची. एचएप्रॉक्सीच्या पुस्तिकेत हा नियम लांब चालणाऱ्या जोडण्यांसाठी सुचवलाय, छोट्या एचटीटीपी रिक्वेस्टसाठी नाही. आमच्याकडे पेपर उघडणं काही सेकंद चालतं, त्यामुळे तो बसला.

८ जुलै

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी असं मला वाटतं.

पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) अद्ययावत करताना दुसऱ्या क्रमांकाच्या मशीनवर रेडिसचं एक्स्टेन्शन राहून गेलं. ते मशीन प्रत्येक रिक्वेस्टला लगेच एररचं पान द्यायला लागलं. तिनातलं एक बिघडलं तर साधारण तिसरा हिस्सा रिक्वेस्ट फसायला हव्यात, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक सगळ्याच फसत होत्या.

कारण लीस्टकॉनच. नीट चालणारा सर्व्हर पेपर उघडायला सेकंद घेतो, तेवढा वेळ त्याच्याकडे रिक्वेस्ट चालू दिसते. बिघडलेला काही मिलिसेकंदांत एरर देऊन मोकळा होतो. चालू रिक्वेस्ट नेहमी शून्याजवळ, म्हणून पुढची पुन्हा त्यालाच. तिकीट खिडकीवरचा जो माणूस ‘नाही’ म्हणून लगेच परत पाठवतो, त्याच्यापुढची रांग कायम सगळ्यात लहान दिसते. बॅलन्सर रांगेची लांबी बघतो, तिकीट मिळालं की नाही हे बघत नाही.

आणि हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर ठीक आहे का याची बॅलन्सरने घेतलेली तपासणी? तो हिरवाच होता. सर्व्हरच्या ओळीत नुसतं ‘चेक’ लिहिलं तर एचएप्रॉक्सी फक्त टीसीपी जोडणी होते का बघतो. वेब सर्व्हर चालू होता, जोडणी होत होती.

मग ‘ऑप्शन एचटीटीपीचेक’ लावून स्वतःचं एक छोटं तपासणी पान लिहिलं. मोठ्या उत्साहात त्यात सगळंच घातलं : डेटाबेसला एक क्वेरी, रेडिसला पिंग, एनएफएसवर एक फाइल वाचणं. संध्याकाळी डेटाबेसचा बॅकअप सुरू झाला, क्वेरी रेंगाळल्या आणि तिन्ही सर्व्हर एकदम लाल. मूळ सेटिंगनुसार दर २ सेकंदांनी तपासणी आणि सलग ३ वेळा नापास झालं की सर्व्हर बाद. म्हणजे साधारण सहा सेकंदांत धडधाकट तीन सर्व्हर रांगेबाहेर गेले आणि सगळ्यांना ५०३ (‘सेवा उपलब्ध नाही’). डेटाबेस मंद होता, बंद नव्हता. मुलांना पान उशिरा मिळालं असतं, आता मिळेनासंच झालं.

बराच विचार करून असं ठरवलं. तपासणी पान त्या मशीनच्या स्वतःच्या गोष्टीच बघेल : पीएचपी चालतंय का, लागणारी एक्स्टेन्शन आहेत का, स्थानिक डिस्कवर लिहिता येतंय का. डेटाबेस, रेडिस, एनएफएस या गोष्टी तिन्ही सर्व्हरना सामाईक. त्या बिघडल्या तर एक सर्व्हर काढून दुसऱ्याला काम देण्यात काहीच हशील नाही. त्यांच्यावर वेगळी नजर ठेवायची आणि माणसाला फोन जाऊ द्यायचा.

जोडीला ‘ऑब्झर्व्ह लेयर७’ लावलं. यात बॅलन्सर खऱ्या रिक्वेस्टची उत्तरंही बघतो आणि ५०० किंवा ५०३ सलग ठरावीक वेळा आले तर सर्व्हरविरुद्ध नोंद करतो. मर्यादा मूळची १० आहे, मी ती वाढवली, कारण मूडलच्या एखाद्या प्लगइनमधला दोष तिन्हीकडे सारखाच एरर देईल आणि तिन्ही पुन्हा बाद होतील. मग एक्स्टेन्शन मुद्दाम काढून बघितलं. सर्व्हर काही सेकंदांत बाजूला झाला आणि बाकीचे दोन चालत राहिले.

लीस्टकॉन की राऊंडरॉबिन यावर मी जेवढं वाचलं, त्याच्या निम्मंही हेल्थ चेकवर वाचलं नव्हतं. क्रम उलटा हवा. कुणाला काम द्यायचंच नाही हे आधी ठरवा, कसं वाटायचं ते नंतर.

१५ जुलै

दहा वाजताची लाट.

पीएचपी-एफपीएमची (पीएचपी चालवणाऱ्या सेवेची) एक प्रोसेस आमच्याकडे साधारण ८० एमबी खाते. मशीनच्या रॅममध्ये अशा ४० बसतात, म्हणजे ३.२ जीबी. चाळीसच्या पुढची रिक्वेस्ट मशीनवरच अडकून पडते आणि एकदा तिथे अडकली की दुसरा सर्व्हर मोकळा झाला तरी तिकडे जाऊ शकत नाही. म्हणून बॅलन्सरवर प्रत्येक सर्व्हरला ‘मॅक्सकॉन’ (एका वेळी जास्तीत जास्त किती रिक्वेस्ट) दिलं. उरलेल्या रिक्वेस्ट बॅलन्सरच्याच रांगेत थांबतात आणि जो आधी मोकळा होईल त्याच्याकडे जातात. एवढ्या एका ओळीने जो फरक पडला, तो वाटपाचा नियम बदलून पडला नव्हता.

मॅक्सकॉन आधी ४० च ठेवलं होतं. भर गर्दीत सर्व्हर आळीपाळीने लाल व्हायला लागले. हेल्थ चेकची रिक्वेस्ट मॅक्सकॉनच्या रांगेत येत नाही, ती थेट जाते, पण तिलाही पीएचपीची एक प्रोसेस लागते. चाळीसही गुंतलेल्या, तपासणी ताटकळून नापास, सर्व्हर बाद. त्याचं काम उरलेल्या दोघांवर, मग तेही बाद. भार जास्त असतानाच सर्व्हर कमी होणं याच्याइतकं वाईट काही नाही. मॅक्सकॉन ३६ केलं आणि तपासणी पानासाठी एफपीएमचा दोन प्रोसेसचा वेगळा पूल काढला.

‘टाइमआउट क्यू’ही आठवणीने लिहा. तो दिला नाही तर एचएप्रॉक्सी ‘टाइमआउट कनेक्ट’चाच आकडा घेतो. आमच्याकडे तो ५ सेकंद होता, म्हणून रांगेतली मुलं पाच सेकंदांत ५०३ घेऊन बाहेर पडत होती. ३० केला. परत आलेल्या सर्व्हरवर एकदम लोंढा जाऊ नये म्हणून ‘स्लोस्टार्ट’ ६० सेकंद.

२१ जुलै

भाराची चाचणी. मूडलमध्येच जेमीटर या भार-चाचणीच्या साधनासाठी चाचणी आराखडा तयार करून देणारं साधन आहे, ते वापरलं.

त्याआधी साध्या स्क्रिप्टने बॅलन्सर किती नव्या जोडण्या पेलतो ते मोजत होतो. सेकंदाला साधारण ४७० च्या वर आकडा जाईना. बॅलन्सरचा सीपीयू निवांत. दोष चाचणी करणाऱ्या मशीनचा निघाला. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या जोडणीला मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट मिळतात, म्हणजे २८,२३२. जोडणी आपण बंद केली की तो पोर्ट ६० सेकंद टाइम-वेट अवस्थेत अडकतो. भागाकार केला की ४७० येतात. स्क्रिप्टमध्ये कीप-अलाइव्ह (तीच जोडणी पुन्हा वापरणं) चालू केल्यावर ही भिंत गेली. एका मशीनवरून चाचणी घेत असाल तर हा हिशोब आधी करा, नाहीतर बॅलन्सरचं सेटिंग उगाच फिरवत बसाल. आम्ही तेच करत एक दिवस घालवला.

२८ जुलै

दुसरा बॅलन्सर. मुख्य बॅलन्सर पडला की पत्ता राखीवकडे नेणारं कीपअलाइव्हडी दोन्हीकडे, मधे एक फिरता आयपी पत्ता. मुख्याचा प्राधान्यक्रम १५०, राखीवचा १००. मुख्य दर सेकंदाला ‘मी आहे’ असा व्हीआरआरपी संदेश पाठवतो. राखीव तीन संदेशांएवढा वेळ आणि वर त्याच्या प्राधान्यक्रमावरून ठरणारा थोडा वेळ वाट बघतो. शंभरला तो मिळून ३.६ सेकंद होतो.

चालू केलं तर दोघंही स्वतःला मुख्य समजत होते आणि पत्ता कधी इकडे, कधी तिकडे. व्हीआरआरपी हा टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही. त्याचा स्वतःचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ११२ आहे आणि संदेश २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात. फायरवॉलमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही, प्रोटोकॉल उघडावा लागतो. नमुना कॉन्फिगमधला राउटर आयडी ५१ सुद्धा बदला. त्याच नेटवर्कवर आणखी कुणी तोच नमुना उतरवला असेल तर दोघं एकमेकांत घुसतात.

राखीववर एचएप्रॉक्सी सुरूच होईना, कारण जो पत्ता त्या मशीनवर अजून नाही त्यावर तो बसू बघत होता. ‘आयपी_नॉनलोकल_बाइंड’ १ केलं की होतो.

मग मुख्यावरची एचएप्रॉक्सीची प्रोसेस मारून बघितली. पत्ता हललाच नाही. मशीन जिवंत, कीपअलाइव्हडी जिवंत, संदेश चालू, आणि साइट बंद. प्रोसेस आहे का बघणारी ट्रॅक स्क्रिप्ट लावली, नसेल तर प्राधान्यक्रमातून ६० वजा. १५० चे ९० झाले की राखीवचे १०० वरचढ ठरतात. मुख्य परत उठल्यावर पत्ता आपोआप मागे जाऊ नये म्हणून दोन्हीकडे सुरुवातीची अवस्था ‘बॅकअप’ ठेवून फक्त मुख्यावर ‘नोप्रीएम्प्ट’ दिलं. ती अदलाबदल पेपर संपल्यावर, कुणीतरी समोर बसून करायची.

६ ऑगस्ट

पहिली खरी परीक्षा. दहाला स्टॅट्स पानावर तिन्ही सर्व्हर ३६ वर टेकले, मागे रांग वाढली, काही सेकंदांनी ओसरली. एकही ५०३ नाही. सव्वादहाला पहिल्या मशीनची डिस्क भरत चाललेली दिसली. त्याला ‘ड्रेन’वर टाकायचं का, यावर परीक्षा विभागाशी फोनवर बोललो आणि टाकलं. ड्रेनमध्ये नवं काम येत नाही, चालू रिक्वेस्ट पूर्ण होतात. लॉग साफ करून परत घेतलं. लॅबमध्ये फिरणाऱ्या सरांना नंतर विचारलं, त्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

डेटाबेस मात्र आता एकटा पडलाय. तीन सर्व्हर मिळून एकाच वेळी १०८ रिक्वेस्ट त्याच्याकडे पाठवू शकतात आणि दहाच्या ठोक्याला त्याचा सीपीयू शंभर टक्क्यांवर होता. चौथा मूडल सर्व्हर जोडला तर रांग बॅलन्सरवरून डेटाबेसवर सरकेल, एवढंच होईल. पुढच्या सत्राआधी त्याच्यासाठी वेगळं यंत्र मागितलंय. तोपर्यंत मॅक्सकॉन ३६ च राहील आणि दोन विभागांचे पेपर दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करायला परीक्षा विभाग तयार झालाय.